‘बॅकअपच्या डिस्कवर जागा होती की’: एका फोटो स्टुडिओचं प्रकरण

सांगलीच्या गावभागातला एक फोटो स्टुडिओ. मालक पन्नाशीचे, गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. लग्न, साखरपुडा, बारसं, शाळेचं स्नेहसंमेलन अशी कामं. त्यांच्या दुकानातले दोन कॉम्प्युटर, प्रिंटर आणि अधूनमधून रुसणारा राउटर यांची देखभाल माझ्याकडे असते. बॅकअपच्या, म्हणजे फाइलींची दुसरी प्रत ठेवायच्या डिस्कवर आणखी काही ठेवावं का, हा प्रश्न मला त्यांच्याच दुकानात भेटला.

डिसेंबर 2023, लगीनसराई ऐन भरात. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला अण्णांचा फोन.

“अहो, ते ‘जुनी लग्नं’ फोल्डर दिसंना झालंय.”

“एक्स्टर्नल डिस्कवर बघा की.”

“त्यातच हुतं ओ ते.”

त्यांच्यासमोर एक माणूस उभा होता. त्याच्या वडिलांचं आदल्या रात्री निधन झालं होतं आणि श्रद्धांजलीच्या फलकासाठी चांगला फोटो हवा होता. वडिलांचा चांगला फोटो होता तो त्याच्या धाकट्या भावाच्या लग्नातला, 2021 सालचा, फेटा बांधलेला. लग्न अण्णांनीच काढलेलं. असे लोक स्टुडिओत नेहमी येतात. फोटोग्राफरकडे जुनं लग्न असतंच, अशी त्यांची खात्री असते.

मी फोनवर एवढंच म्हणालो, “डिस्कची वायर काढा. आत्ता. काही शोधू नका, काही कॉपी करू नका. मी येतो.” गाडी काढताना पोटात गोळा आला होता, कारण दोन दिवसांपूर्वी मी त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर काय केलंय ते मला आठवलं होतं.

डिस्क आली कशी

ऑगस्ट 2019 च्या महापुरात गावभागात पाणी शिरलं तेव्हा अण्णांनी कॅमेरे आणि लेन्सा वरच्या मजल्यावर नेल्या. कॉम्प्युटर टेबलावर ठेवला, टेबल पुरेसं उंच आहे असं समजून. नंतर त्या कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कमधून चिखलाचं पाणी निघालं आणि त्यातली लग्नं गेली. त्या दिवाळीत त्यांनी दोन टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क घेतली. तिच्यावर मार्करने ‘बॅकअप’ असं स्वतः लिहिलं.

पहिले काही महिने ते हातानेच ‘बॅकअप मारत’, म्हणजे फोल्डर उचलायचं आणि एक्स्टर्नलवर पेस्ट करायचं. लॉकडाऊनमध्ये लग्नं थांबली, दोघांनाही वेळच वेळ होता, तेव्हा मी त्यांना एक छोटी बॅच फाइल, म्हणजे कॉम्प्युटरने ओळीने पाळायच्या आज्ञांची फाइल, लिहून दिली. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची आज्ञा आयतीच असते. तिला कुठून आणि कुठे हे सांगायचं, आणि शेवटी ‘मिर’ हा पर्याय जोडायचा. मिर म्हणजे मिरर, आरसा. डी ड्राइव्हवरच्या ‘काम’ या फोल्डरचा आरसा एक्स्टर्नलवरच्या ‘काम’ फोल्डरमध्ये, रोज रात्री साडेनऊला. दुकान नऊला बंद होतं, शेवटची आवराआवर साडेनऊपर्यंत, मग कॉम्प्युटर आपलं आपण करतो आणि बंद होतो.

या आज्ञेची एक गंमत सांगायला हवी, कारण नवख्यांना ती हटकून चावते. एखादी फाइल उघडी असल्यामुळे कॉपी झाली नाही, तर रोबोकॉपी तीस सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते. किती वेळा, हे सांगितलं नाही तर दहा लाख वेळा. हिशेब केला तर एका अडकलेल्या फाइलपायी साडेअकरा महिने होतात. मी तो आकडा एकवर आणून ठेवला होता आणि स्वतःवर खूश होतो. या आज्ञेतला खरा धोका दुसरीकडे होता.

आरशाचा अर्थ दुहेरी आहे. इथे जे आहे ते तिथे जातं, हे सगळ्यांना कळतं. इथे जे नाही ते तिथूनही पुसलं जातं, हे सांगावं लागतं. मी अण्णांना सांगितलं होतं की ‘काम’मधलं काही उडवलंत तर रात्री बॅकअपमधूनही उडेल. त्यांनी ते नीट लक्षात ठेवलं. इतकं नीट, की पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

रिकामी जागा

डी ड्राइव्ह एक टीबीचा. विंडोज त्याला 931 जीबी म्हणते, कारण डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या. दोन टीबीची एक्स्टर्नल त्याच हिशेबाने 1.81 टीबी दिसते. आरसा डीएवढाच, म्हणजे एक्स्टर्नल कायम अर्धी रिकामी. ‘धिस पीसी’ उघडलं की डीची पट्टी लाल आणि एक्स्टर्नलची निळी, निम्मी मोकळी. दुकान चालवणारा माणूस हे रोज बघतो. घरातलं कपाट भरलं आणि बाहेरच्या खोलीत अर्धी मांडणी रिकामी असेल, तर माणूस काय करेल?

2022 च्या उन्हाळ्यात, लगीनसराईत, डी भरला. अण्णांना आठवत होतं की ‘काम’मधून उडवलं तर बॅकअपमधूनही उडतं. म्हणून त्यांनी फार सावधपणे वागायचं ठरवलं. अल्बम देऊन झालेली, पैसे मिटलेली लग्नं त्यांनी ‘काम’मधून कट केली आणि एक्स्टर्नलवर, ‘काम’च्या शेजारी, ‘जुनी लग्नं’ असं नवीन फोल्डर करून पेस्ट केली. रात्री आरसा चालला. त्याने ‘काम’मधली जुनी नावं पुसली, शेजारच्या फोल्डरला हात लावला नाही. अण्णांनी सकाळी उघडून पाहिलं, सगळं जागेवर. दीड वर्षात तिथे 41 लग्नं साठली.

मग त्या शेजारात बाकीचं सामान येऊ लागलं. मुलीचा इंजिनीअरिंगचा प्रोजेक्ट. वडिलांच्या शेताचे स्कॅन केलेले सात-बारा आणि फेरफार. आजोबांच्या काळातल्या काळ्या-पांढऱ्या फोटोंचे स्कॅन, जे अण्णांनी स्वतः रात्री बसून साफ केले होते. कुणाचं तरी टॅलीचं फोल्डर. प्रिंटरचे ड्रायव्हर. दोन सिनेमे.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं, आणि हे मी बचाव म्हणून सांगत नाही. दीड वर्षात मी त्या दुकानात दहा-बारा वेळा तरी गेलो असेन. एक्स्टर्नलवर दिवा लुकलुकतोय, रोजची नोंद ‘यशस्वी’ म्हणतेय, एवढं बघून मी चहा घेत होतो. डिस्क उघडून आत काय आहे हे एकदाही पाहिलं नाही. माझ्या लेखी ती बॅकअपची डिस्क होती, म्हणजे तिच्यात बॅकअपच असणार. अण्णांच्या लेखी ती मोठी डिस्क होती आणि तिच्यातला एक कोपरा मी बॅकअपसाठी घेतला होता. मार्करने लिहिलेला तो शब्द आम्ही दोघं दोन अर्थांनी वाचत होतो.

रविवार

रविवारी दुपारी अण्णांचा फोन आला. “नवीन पोरगा रील्स वेगळ्या फोल्डरात टाकतोय, अल्बमचं डिझाइन पण बाहेर आहे. ते बॅकअपला येईना.” खरंच होतं. डी ड्राइव्हवर आता ‘काम’च्या शेजारी ‘रील्स’ आणि ‘अल्बम’ अशी दोन फोल्डर झाली होती आणि माझी आज्ञा फक्त ‘काम’ला ओळखत होती. मी घरी जेवून बसलो होतो. एनीडेस्क या दुरून कॉम्प्युटर चालवायच्या साधनाने त्यांच्या कॉम्प्युटरवर गेलो, बॅच फाइल उघडली. तीन फोल्डरांच्या तीन ओळी लिहिण्यापेक्षा एकच ओळ ठेवावी, असा विचार केला. उद्या चौथं फोल्डर झालं तरी आपोआप येईल. म्हणून दोन्हीकडचं ‘काम’ हे नाव खोडलं. पूर्वी होतं ‘डीमधलं काम’ ते ‘ईमधलं काम’, ई म्हणजे ती एक्स्टर्नल. आता झालं ‘डी’ ते ‘ई’. काम दोन मिनिटांचं, पैसेही घेतले नाहीत.

रात्री साडेनऊला आरशाने पाहिलं की ईवर ‘जुनी लग्नं’ नावाचं काहीतरी आहे आणि डीवर त्या नावाचं काही नाही. त्याच्या भाषेत हे ‘एक्स्ट्रा’. आज्ञेप्रमाणे त्याने एक्स्ट्रा पुसलं: 41 लग्नं, सात-बारा, आजोबांचे फोटो, सिनेमे, सगळं. रोबोकॉपीने पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, तिथल्या तिथे संपतं. पाठोपाठ ‘रील्स’ आणि ‘अल्बम’ मिळून सुमारे 180 जीबी नवा माल मोकळ्या झालेल्या जागेत येऊन बसला.

सोमवारी दुकान बंद, पण पोराने कॉम्प्युटर व्हिडिओ एक्स्पोर्टला लावून ठेवलेला. रात्री आरसा पुन्हा चालला. एक्स्पोर्ट झालेला व्हिडिओही त्याच मोकळ्या जागेत गेला. आणखी एक गोष्ट सोमवारी रात्री झाली आणि तिचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. नोंदीची फाइल मी रोज नव्याने लिहायला लावली होती, जुनीत भर घालायला नाही. रविवारच्या नोंदीत काय काय पुसलं त्याची नावानिशी यादी होती. सोमवारच्या नोंदीने ती यादी खाल्ली. म्हणजे मंगळवारी सकाळी आमच्याकडे डेटा तर नव्हताच, काय गेलं याची यादीही नव्हती.

तीन दिवसांची शोधाशोध

दुकानात पोचलो तेव्हा वायर काढलेली होती. अण्णांनी सांगितलेलं तंतोतंत पाळलं, म्हणून पुढचं शक्य झालं. तो गिऱ्हाईक बसूनच होता. त्याच्या मोबाईलमध्ये व्हॉट्सॲपवर आलेला वडिलांचा एक फोटो होता. अण्णांनी तो मोठा करून, जरा साफ करून दिला. फलकावर चालण्यासारखा झाला. पैसे घेतले नाहीत.

मी त्यांना दोन वाटा सांगितल्या. एक, डिस्क डेटा काढून देणाऱ्या लॅबकडे पाठवायची, खर्च मोठा, पण डिस्क बिघडलेली नसल्यामुळे लॅबही साधारण तेच करणार जे आपण करू शकतो. दोन, मी प्रयत्न करतो, पण मूळ डिस्कला हात न लावता, म्हणजे माझ्या हातून बिघडलं तरी लॅबची वाट उघडी राहील. आणि हेही सांगितलं की ओळ मी बदलली होती. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तुम्हीच बघा आता.” यात विश्वास होता की शिक्षा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

पहिलं काम, चार टीबीची नवीन डिस्क आणून जुनीची सेक्टर-न्-सेक्टर, म्हणजे रिकाम्या जागेसकट कणन्कण, नक्कल काढणे. फाइली कॉपी करून इथे भागत नाही, कारण हवं ते ‘मोकळ्या’ दिसणाऱ्या जागेत आहे. दोन टीबी वाचायला सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने साडेपाच तास लागतात. दुकानाच्या कॉम्प्युटरचं पुढचं जुनं यूएसबी वापरलं असतं तर तेच काम सोळा-सतरा तासांवर गेलं असतं. मी माझा लॅपटॉप लावला. दुपारी सुरू केलं ते रात्री संपलं.

आता एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या रचनेच्या डिस्कवर पुसणं म्हणजे काय ते. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाचं कार्ड असतं, तशी या डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद एका मोठ्या तक्त्यात असते: नाव, कोणत्या फोल्डरात, डिस्कवर कुठे. फाइल पुसली की कार्डावर ‘हे कार्ड पुन्हा वापरायला हरकत नाही’ असा शिक्का बसतो. पुस्तक कपाटातच असतं. नवीन फाइल आली की ती असं शिक्का बसलेलं कार्ड घेते आणि जुनं नाव खोडून आपलं लिहिते, आणि कपाटातली जागाही घेते. म्हणून हानी दोन प्रकारची होते. काहींचं पुस्तकच गेलेलं असतं. काहींचं पुस्तक असतं पण कार्ड गेलेलं असतं, म्हणजे फोटो आहे पण तो कुणाचा, कोणत्या फोल्डरातला, ते कळत नाही. ‘रील्स’ आणि ‘अल्बम’मध्ये बारीकसारीक फाइली हजारोंनी होत्या, त्यामुळे त्यांनी कार्डं भरपूर खाल्ली.

एक नशीब मात्र होतं. अलीकडच्या काही पोर्टेबल हार्डडिस्क आणि बहुतेक एसएसडी (चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्क) पुसलेली जागा ट्रिम नावाच्या सोयीने लगेच मोकळी करून टाकतात, मग तिथे वाचायला शून्यांशिवाय काही मिळत नाही. अण्णांची 2019 ची डिस्क त्यातली नव्हती. त्या दिवाळीत दुकानदाराने त्यांना एसएसडी गळ्यात मारली असती, तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.

पहिल्या फेरीत नकलेवरची शाबूत कार्डं वाचून फोल्डर नावांसकट बाहेर काढली. 41 पैकी 29 लग्नं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण आली. ‘पाटील-शिंदे 12 मे’ असं नाव पडद्यावर दिसलं तेव्हा अण्णांनी खुर्ची पुढे ओढली. ज्यात त्या गिऱ्हाइकाच्या फेटेवाल्या वडिलांचा फोटो होता, ते लग्न या फेरीत नव्हतं.

दुसऱ्या फेरीला फोटोरेक हे फुकट मिळणारं साधन वापरलं. ते कार्डांकडे बघत नाही. सगळी डिस्क चाळून जेपेग इथे सुरू होतं, रॉ फाइल (कॅमेऱ्याचा कच्चा फोटो) इथे सुरू होते, अशा खुणांवरून तुकडे उचलतं. नाव नसतं, त्यामुळे ते एक अक्षर आणि एक आकडा असं नाव देतं. एका रात्रीत आमच्याकडे साठ हजारांच्या वर बिननावाच्या फाइली झाल्या. त्यात जिवंत लग्नांचे फोटो, पुसलेल्या लग्नांचे फोटो, सिनेमांची पोस्टर, वेब पानांची चिन्हं, सगळं एकात एक.

ते वेगळं कसं करायचं? प्रत्येक फोटोच्या आत कॅमेरा तारीख-वेळ लिहून ठेवतो. तारखेप्रमाणे ढीग लावले. पण 12 फेब्रुवारी 2022 चा ढीग कुणाचा? इथे अण्णांचं पावती पुस्तक कामाला आलं. तीन वर्षांची पुस्तकं त्यांनी खणातून काढली. कार्बनची दुसरी प्रत, पार्टीचं नाव, लग्नाची तारीख, कार्यालय, ॲडव्हान्स, बाकी. आमची खाल्लेली यादी कार्बन कागदावर पडून होती. अण्णा वाचत होते, त्यांची मुलगी फोल्डरला नाव देत होती. 

एका लग्नाच्या तारखा जुळेनात. अर्धे फोटो बरोबर आणि अर्धे 2017 सालच्या जानेवारीतले, जेव्हा ते काढणारा दुसरा कॅमेरा अण्णांकडे आलेलाही नव्हता. त्या कॅमेऱ्याची घड्याळाची बॅटरी गेल्यामुळे तो दर वेळी स्वतःच्या जन्मतारखेला जात होता. मग मांडवाच्या पडद्याचा रंग बघून ते फोटो जुळवले. पडदा लिंबाच्या रंगाचा होता, असं अण्णांना आठवलं, आणि तो होता.

दुसऱ्या फेरीतून आणखी 8 लग्नं उभी राहिली, त्यात काही फोटो अर्धे करडे. फेटेवाले वडील या फेरीत सापडले, तिसऱ्या दिवशी दुपारी. उरलेल्या चार लग्नांचे फोटो जवळजवळ गेलेच. व्हिडिओची गत वाईट झाली. असं साधन फाइल सलग पडलेली आहे असं धरून चालतं. फोटो लहान असतो, तो सलग असण्याची शक्यता मोठी. काही जीबीचा व्हिडिओ डिस्कवर तुकड्यातुकड्यांत विखुरलेला असतो, शिवाय अनेक कॅमेरे व्हिडिओची आतली सूची फाइलच्या शेवटी लिहितात. शेवट सापडला नाही तर उरलेला सगळा भाग असूनही तो चालत नाही. सात-आठ लग्नांचे मूळ व्हिडिओ असे ‘आहेत पण नाहीत’ अवस्थेत राहिले. मिक्सिंग करून दिलेले व्हिडिओ पार्ट्यांकडे पेनड्राइव्हवर होते, तेवढाच आधार.

बाकीच्या सामानाचं थोडक्यात सांगतो. मुलीचा प्रोजेक्ट तिच्या गूगल ड्राइव्हवर होताच. ती म्हणाली, “पप्पा, मी तुमच्या डिस्कवर फक्त एक कॉपी ठेवली होती.” घरात बॅकअप या शब्दाचा अर्थ एकटीला माहीत होता. सात-बारा पुन्हा काढता येतात. आजोबांचे मूळ फोटो ट्रंकेत होते, पण अण्णांनी रात्री बसून साफ केलेले स्कॅन गेले. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

चूक कुठे झाली

ओळ मी बदलली, ही चूक माझी, आणि ती टाळायला एक मिनिट पुरलं असतं. रोबोकॉपीला ‘फक्त यादी दाखव’ असा पर्याय असतो. तो लावला की ती काहीही न करता काय केलं असतं ते दाखवते. मी तो लावला असता तर पडद्यावर ‘एक्स्ट्रा’ शब्दांची रांग लागली असती. मी वर्षानुवर्षं लोकांना हा पर्याय सांगतो. जेवून सुस्तावलेला माणूस स्वतःला सांगत नाही.

पण माझी ओळ हे निमित्त होतं, आणि हे मी जबाबदारी झटकायला म्हणत नाही. ती 41 लग्नं 2022 च्या उन्हाळ्यात, कट-पेस्ट केलं त्या क्षणीच, बॅकअपबाहेर गेली होती. ‘बॅकअप’ लिहिलेल्या डिस्कवर होती म्हणून ती सुरक्षित वाटत होती. वस्तुतः त्यांची जगात एकच प्रत होती, तीही दिवसभर टेबलाच्या कडेला लोंबणाऱ्या वायरवर. पोराचा धक्का लागून डिस्क पडली असती तरी तेच. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं असतं तरी तेच, कारण ते जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. अण्णांनी कॉपी-पेस्ट केलं असतं, कट नाही, तर तीच डिस्क त्या लग्नांचा बॅकअप ठरली असती. फरक फोल्डरात नव्हता, डिस्कमध्ये नव्हता, कीबोर्डवरच्या एका अक्षरात होता.

म्हणून मला ‘बॅकअपच्या डिस्कवर दुसऱ्या फाइली ठेवाव्यात का’ या प्रश्नाचं सरधोपट ‘नाही’ हे उत्तर पटत नाही. त्या फाइली आणखी कुठेतरी असतील तर खुशाल ठेवा, जागेचे पैसे दिलेले आहेत. त्या आणखी कुठे नसतील, तर त्या कुठल्याही डिस्कवर धोक्यातच आहेत, आणि बॅकअपच्या डिस्कवर जरा जास्तच, कारण तिथे रोज रात्री पुसण्याचा अधिकार असलेला एक आंधळा नोकर येतो.

पार्टिशन, म्हणजे एकाच डिस्कचे दोन वेगळे भाग, केलं असतं तर? आरशापासून वाचली असती, हे खरं. आरसा एका पार्टिशनच्या बाहेर बघत नाही. पण डिस्क एकच, पडली की दोन्ही पडतात. विंडोजचं स्वतःचं बॅकअपचं साधन, फाइल हिस्टरी, वापरलं असतं, तरी त्या रविवारी काही झालं नसतं. ते आपल्या नावाच्या फोल्डरात काम करतं आणि शेजाऱ्याला हात लावत नाही. मात्र शेजाऱ्याची दुसरी प्रतही काढत नाही.

अण्णांचे अल्बम डिझाइन करणारे एक गृहस्थ मिरजेला असतात, त्यांच्याकडे मॅक आहे. ही हकिगत ऐकून त्यांनी मला त्यांची डिस्क दाखवली. मॅकवर बॅकअप घेणारं ॲपलचं टाइम मशीन 2007 पासून आहे, आणि जुन्या पद्धतीच्या डिस्कवर त्याच्या फोल्डरशेजारी काहीही टाकता येत असे. 2020 च्या बिग सर या मॅकच्या आवृत्तीपासून नव्या डिस्कला ते एपीएफएस ही रचना वापरतं आणि तो भाग आपल्याला लिहायला बंद करून टाकतं. गृहस्थ चिडले होते, “माझ्याच डिस्कवर मला जागा नाही!” जागा असते. मॅकच्या डिस्क युटिलिटीमधून त्याच कंटेनरमध्ये, म्हणजे डिस्कच्या त्याच सामाईक जागेत, दुसरा व्हॉल्यूम (वेगळा कप्पा) जोडायचा, तिथे हवं ते ठेवायचं. दोन्ही व्हॉल्यूम मोकळी जागा वाटून खातात, म्हणून जोडतानाच त्याच्यासाठी जागा राखून ठेवावी, नाहीतर टाइम मशीन वाढत वाढत सगळं व्यापतं आणि मग स्वतःच्या जुन्या प्रती पुसत बसतं. आणि त्या दुसऱ्या व्हॉल्यूमचा बॅकअप टाइम मशीन आपणहून घेत नाही, बाहेरच्या डिस्क ते मुळात वगळतं. मला ॲपलचा आगाऊपणा एरवी आवडत नाही, पण अण्णांच्या प्रकरणानंतर त्या बंद दाराबद्दल माझं मत जरा मवाळ झालंय.

आता काय आहे

आधीची दोन टीबीची डिस्क मी वापरातून काढली, ती पाकिटात घालून तारीख लिहून ठेवली. कदाचित पुढे कुणाला एखादा व्हिडिओ सोडवता आला तर. आता चार टीबीच्या तीन डिस्क आहेत. पहिलीवर रोजचा बॅकअप, पण आरसा नाही. फ्रीफाइलसिंक हे साधन वापरतो, जे डीवरून गेलं ते पुसण्याऐवजी त्या दिवसाच्या तारखेच्या फोल्डरात सरकवतं. जागा भरली की जुन्या तारखा मी बघून काढतो. डिस्कच्या मुळाशी एका ठराविक नावाची रिकामी फाइल आहे, आणि ती दिसली नाही तर काम सुरूच होत नाही. कारण विंडोज नव्याने जोडलेल्या ड्राइव्हला मोकळं असेल ते अक्षर देते. एखाद्या दिवशी कार्ड रीडरला ई मिळालं, तर नवरीच्या हळदीचं न उतरवलेलं मेमरी कार्ड बॅकअपचं लक्ष्य व्हायचं.

दुसरी आणि तिसरी डिस्क ‘जुनी लग्नं’ची, एकसारख्या. एक दुकानात कपाटात. दुसरी विश्रामबागेत, अण्णांच्या बहिणीकडे, पहिल्या मजल्यावर. फोटोग्राफर मंडळींमध्ये 3-2-1 असा एक नियम बोलला जातो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. आम्ही त्यातले ‘तीन प्रती’ आणि ‘दोन प्रकार’ हे भाग पाळत नाही, परवडत नाही. घराबाहेरचा मात्र पाळतो. 2019 चं पाणी पाहिलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागला नाही.

पावतीवर एक ओळ नवीन छापली आहे: लग्नाचा मूळ डेटा अल्बम दिल्यानंतर एक वर्ष जपला जाईल. त्यानंतरही ते जपतातच, पण लेखी हमी एक वर्षाची. गेलेल्या चार पार्ट्यांपैकी तिघांना अण्णांनी स्वतः फोन केला. चौथ्यांना अजून केलेला नाही, त्यांची मुलगी तेव्हा माहेरी परत आली होती आणि विषय कसा काढावा हे अण्णांना सुचत नाही.

डिस्क कपाटात ठेवून विसरली तर तीन-चार वर्षांनी ती उघडेलच असं नाही, म्हणून वर्षातून एकदा दोन्ही जोडून पाहायच्या असं ठरलं. मी 31 मार्च सुचवला, त्या दिवशी जगभर बॅकअप दिन पाळतात. “31 मार्चला मला जीएसटी असतंय,” अण्णा म्हणाले. शेवटी खंडेनवमी ठरली. त्या दिवशी कॅमेरे, फ्लॅश, ट्रायपॉड पूजेला मांडलेलेच असतात. 2024 च्या खंडेनवमीला बहीण विश्रामबागेहून डिस्क पिशवीत घालून घेऊन आली. आम्ही दोन्ही डिस्क जोडल्या, मुलीने डोळे मिटून तीन फोल्डर निवडली आणि प्रत्येकातले दहा फोटो उघडून पाहिले. मग डिस्क पाटावर कॅमेऱ्यांच्या शेजारी गेल्या. अण्णा कुंकवाचं बोट घेऊन वायर लावायच्या खाचेकडे निघाले तेव्हा मला मध्ये पडावं लागलं. त्यांनी डिस्क उलटी केली आणि मार्करने लिहिलेल्या बाजूला लावलं.